मायनस पंधराची स्लीपिंग बॅग, तरी रात्री तीनला दात वाजतात: नवीन घ्यायच्या आधी काय तपासायचं

ऑक्टोबर जवळ आला की हा प्रश्न ठरलेला. नेपाळचं अन्नपूर्णा सर्किट असो, सिक्कीमचं गोएचा ला असो, लडाखचं मार्खा असो, आठवडाभराच्या वरचा कुठलाही ट्रेक करून आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतंच, की बॅग चांगली महागातली होती, नवीन होती, तरी पहाटे झोप उडायची ती उडायचीच, आता कुठली घेऊ? मग दहा जण दहा मॉडेलं सुचवतात, माणूस त्यातलं एक घेतो, आणि पुढच्या वर्षी नव्या बॅगेत तसाच कुडकुडतो.

माझं म्हणणं एवढंच की बॅगचं नाव विचारायच्या आधी दोन गोष्टी आठवा. थंडी अंगाला नेमकी कुठे वाजत होती, आणि कधी वाजायला लागली. आडवं पडल्यापासूनच सगळं अंग गार होतं, की झोप लागली आणि तीनला जाग आली? पहिल्या रात्रीपासून, की पाचव्या-सहाव्या रात्रीपासून? कमरेखाली, की पायाची बोटं, की मानेजवळ गार झुळूक? या उत्तरांवरून बॅग बदलायचीय की दुसरंच काही, ते बऱ्यापैकी कळतं. आणि बऱ्याच वेळा दुसरंच काही निघतं.

पडल्यापासूनच सगळं अंग गार

हा एकच प्रकार असा आहे की ज्यात बॅग खरंच कमी पडतेय. म्हणजे अर्धा-पाऊण तास झाला तरी आत ऊब तयारच होत नाही. पण यातही बहुतेकांची बॅग बिघडलेली नसते, आकडा चुकीचा वाचलेला असतो.

परवा भाच्याचा फोन. "मावशी, बॅगवर मायनस पंधरा लिहिलंय गं, आणि मार्खाच्या वाटेवर निमालिंगला फार तर मायनस दोन-तीन असेल, तरी मी रात्रभर बसून काढली." म्हटलं, आतल्या बाजूला शिवलेलं लेबल असतं बघ, त्याचा फोटो पाठव. फोटोत तीन आकडे. कम्फर्ट ५, लिमिट ०, एक्स्ट्रीम उणे १५. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात अर्थातच उणे १५. "अरे, हा आकडा झोपायचा नाहीये, जिवंत राहायचा आहे," म्हटलं तर पोरगं गप्पच झालं.

खरंच तसंच आहे ते. बॅग मोजायची एक पद्धत ठरलेली आहे, युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ म्हणून आली, आता आयएसओ २३५३७ नावाने चालते. थंड खोलीत आतून गरम होणारा, सेन्सर लावलेला पुतळा बॅगेत झोपवतात, त्याच्या अंगात लांब बाह्यांचं थर्मल, पायात मोजे, खाली मॅट, आणि तो किती उष्णता गमावतो ते मोजून त्यावरून हे आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे २५ वर्षांची, ६० किलोची, १६० सेंमी उंचीची बाई हातपाय सैल सोडून शांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे २५ वर्षांचा, ७३ किलोचा पुरुष अंगाची मुटकुळी करून आठ तास कसेबसे न उठता काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास त्या बाईचा जीव जाणार नाही, पण अंग धोकादायक गार पडू शकतं, हिमदंश होऊ शकतो, झोप वगैरे विसरा. कम्फर्ट आणि लिमिटमध्ये पाचेक अंशांचा फरक असतो, एक्स्ट्रीम त्याच्याही पंधरा-सतरा अंश खाली जातो, म्हणून दुकानदाराला तोच आवडतो.

तेव्हा नियम सोपा, कम्फर्टचाच आकडा धरा, पुरुषांनीसुद्धा. मला माहितीय की इथे काही भाऊ म्हणणार, आपल्याला थंडी वाजत नाही, लिमिटवर भागतं. भागत असेलही, पहिल्या दोन रात्री. पण तो पुतळा थकलेला नसतो, पंचेचाळिशीचा नसतो, आठ दिवस पोटभर न जेवता चढलेला नसतो आणि साडेचार हजार मीटरवर त्याला डोकेदुखी होत नाही. लेबलवर हे तीन आकडे नसून नुसताच एक आकडा असेल तर तो कंपनीचा स्वतःचा अंदाज समजा आणि भरपूर सूट देऊन वाचा.

अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मैत्रिणीकडून बॅग मागवत असाल तर अजून एक भानगड आहे. तिकडची '२० डिग्री'ची बॅग म्हणजे फॅरेनहाइट, आपले साधारण उणे ७, आणि '० डिग्री' म्हणजे आपले उणे १८. त्यातून तिकडे बऱ्याच कंपन्या पुरुषांच्या बॅगेच्या नावात लिमिट टाकतात आणि बायकांच्या बॅगेच्या नावात कम्फर्ट, त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन बॅगा सारख्या उबदार नसतात. बायकांची बॅग खांद्याला अरुंद आणि उंचीला कमी असते, पण बारीक चणीच्या पुरुषाला ती मस्त बसते, लाजायचं काही कारण नाही.

मग तिथे थंडी किती असणार, हे कसं काढायचं

ट्रेकच्या माहितीपत्रकात 'रात्रीचं तापमान ० ते ५' असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते कुठल्या कॅम्पचं, कुठल्या महिन्याचं, काही पत्ता नसतो. त्यापेक्षा स्वतः गणित करा, पाचवीतल्या मुलालाही जमेल. वाटेतल्या ज्या गावाचा हवामान अंदाज मिळतो ते धरायचं आणि तिथून दर हजार मीटर चढाईला साडेसहा अंश वजा करायचे. लेह साडेतीन हजार मीटरवर, ऑगस्टात तिथे रात्री १० च्या आसपास, निमालिंग ४८०० च्या आसपास म्हणजे तेराशे मीटर वर, म्हणजे आठ-साडेआठ अंश वजा, उरले दीड-दोन. त्यात आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि पहाटे आणखी तीन-चार अंश खाली, म्हणजे भाच्याचं मायनस दोन बरोबर जुळलं.

अन्नपूर्णा सर्किटला हेच गणित जास्त महत्त्वाचं, कारण तो ट्रेक खाली बेसीसहरला हजार मीटरच्याही खालून सुरू होतो, तिथे बॅग उघडाविशी पण वाटत नाही, आणि वर थोरोंग ला ही खिंड ५४१६ मीटर. वाटेतल्या मनांग गावात रात्री शून्याच्या आसपास असेल तर खिंडीखालचा हाय कॅम्प तिथून तेराशे-साडेतेराशे मीटर वर, म्हणजे उणे आठ-नऊ धरा. टी हाउस म्हणजे वाटेवरचं लॉज, त्याच्या खोलीत बाहेरपेक्षा चार अंश बरं असतं, कारण वारा नसतो, पण भिंत म्हणजे प्लायवूड आणि शेकोटी फक्त जेवणाच्या हॉलमध्ये. सकाळी खोलीतल्या बाटलीत बर्फाचा पापुद्रा दिसणं तिथे अगदी नॉर्मल आहे. रजई मिळते, पण गर्दीच्या सीझनमध्ये वरच्या दोन मुक्कामांवर सगळ्यांना पुरेलच असं नाही, म्हणून रजईला बोनस समजा, हिशेबात धरू नका.

गणितात निघालेल्या आकड्याच्या खाली पाच अंशांची फट ठेवा. ही फट चैनीसाठी नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर थेट थोरोंग ला पर्यंत पोचला, ऐन सीझनमध्ये हिमवादळ झालं आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. बॅगेने ते टळलं असतं असं नाही म्हणत मी, पण 'ऑक्टोबरमध्ये तिकडे हवा छान असते' या वाक्यावर बॅग निवडू नका.

कंबर, पाठ, खांद्याची खालची बाजू गार

झोपल्यावर वरून ऊबदार आणि खालून बर्फ, कूस बदलली की ती बाजू गार, परत बदलली की ही बाजू, असं होत असेल तर कुठलीही बॅग घ्या, फरक पडणार नाही. बॅगेची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेमुळे असते आणि तुमच्या वजनाखाली ती हवा राहतच नाही. आमच्या ग्रुपमधली एक जण गोएचा लाच्या वाटेवर झोंगरीला हीच तक्रार करत होती, मी तिच्या बॅगेखाली हात घातला तर वर चार बोटं फुगलेलं डाउन, म्हणजे आत भरलेलं पीस, आणि कमरेखाली तेच वर्तमानपत्राच्या घडीइतकं चपटं, त्याच्याखाली मधोमध चेपून गेलेली जुनी कॅरीमॅट, आणि त्याच्याखाली ओली जमीन. बॅग तिची सगळ्यात भारी होती.

मॅटची ऊब आर-व्हॅल्यूने मोजतात, आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी लागते. आपली नेहमीची फोमची कॅरीमॅट जाडीप्रमाणे १ ते २ च्या मध्ये येते, सह्याद्रीत तेवढी पुरते. जमीन गोठलेली असेल तर मला ४ च्या खाली जायला आवडत नाही, आणि बर्फावर तंबू असेल तर ५ च्या वर. चांगली गोष्ट ही की आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते, म्हणजे ३ ची हवेची मॅट आणि तिच्याखाली २ ची फोमची मिळून ५, आणि हवेची पंक्चर झाली तरी फोम शिल्लक राहतो. नुसती जाडजूड फुगणारी हवेची मॅट, आतमध्ये काही भरलेलं नसलेली, तिच्यावर मात्र विश्वास ठेवू नका, आत हवा फिरत राहते आणि ऊब खाली देत राहते, ती समुद्रकिनाऱ्यासाठी ठीक.

ट्रेकवरच असाल आणि मॅट कमी पडत असेल तर रिकामी सॅक पायाखाली, दोर, पाँचो, जॅकेट, जे काही कोरडं असेल ते कमरेखाली आणि खांद्याखाली सरकवा. त्या दोन जागा आणि टाचा एवढं सांभाळलं तरी रात्र निघते. टी हाउसला गादी असते त्यामुळे तिथे हा प्रॉब्लेम येत नाही, म्हणूनच नेपाळमध्ये जी बॅग छान चालली तीच लडाखमध्ये तंबूत फेल जाते आणि लोक बॅगेला शिव्या देतात.

चौथ्या-पाचव्या रात्रीपासून थंडी

दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये हे कधी कळत नाही, लांबच्या ट्रेकमध्येच दिसतं. पहिल्या रात्री बॅग मस्त, तिसऱ्या रात्री ठीक, सहाव्या रात्री तापमान तेच असूनही गार. बॅग ओली झालेली असते, हात लावून कळणार नाही इतकी.

रात्रभर अंगातून वाफ निघत असते, घाम आलाय असं वाटलं नाही तरी. ती बॅगेच्या आतून बाहेर जाते, आणि बाहेरचा थर जिथे थंड असतो तिथे तिचं पाणी होतं, फार थंडीत चक्क बर्फ होतो. डाउन म्हणजे बदक-हंसाच्या छातीचं मऊ पीस, ते ओलं झालं की एकमेकांना चिकटतं, फुगवटा जातो आणि फुगवटा गेला की ऊब गेली. सकाळी सातला घाईघाईत तीच ओलसर बॅग पिशवीत कोंबायची, संध्याकाळी काढायची, परत तेच, असं रोज थोडं थोडं साठत जातं.

यावर उपाय फुकट आहे, फक्त आळस सोडावा लागतो. उठल्या उठल्या, बॅग अजून गरम असतानाच, पायाकडून डोक्याकडे गुंडाळत दाबून आतली दमट हवा बाहेर काढायची, मग उलटी करून पसरून ठेवायची आणि चहा-नाश्ता होईपर्यंत तशीच राहू द्यायची, पिशवीत सगळ्यात शेवटी. आणि दुपारच्या जेवणाच्या थांब्याला ऊन असेल तर खडकावर पसरायची, काळी बाजू वर. लडाखच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात ती फुगून येते, डोळ्यांसमोर दिसतं. सिक्कीममध्ये मात्र दुपारी बाराला धुकं वर आलं की संपलं, म्हणून तिकडे सकाळचं ऊन सोडू नका, थोडा उशीर झाला तरी चालेल.

तंबूच्या भिंतीला बॅगेचा पायाकडचा भाग टेकला की तिथलं दव सगळं बॅग पिते, उंच माणसांना हे हमखास होतं, पाय गार पडण्याचं हे एक मोठं कारण. पायाकडच्या बाजूला रेनकोट पांघरून ठेवा, पण अख्खी बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, वाफ आतच अडकून सकाळी ओलंचिंब. तंबूची खिडकी थंडी लागते म्हणून पूर्ण बंद करायची नाही. आणि तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडत झोपायची जी सवय आहे ना आपली, चादर डोक्यावरून ओढायची, ती इथे चालत नाही, श्वासातली सगळी वाफ पिसात जाते. नाक-तोंड बाहेर, बाकी सगळं आत, नाकाला गार लागत असेल तर बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी.

रात्री दोन-तीनलाच जाग

पहाटेच्या आधी तापमान सगळ्यात खाली जातं हे एक झालं. पण मला विचाराल तर बॅगेपेक्षा पोट जास्त जबाबदार असतं. बॅग स्वतः काही गरम नसते, ती तुमचीच ऊब धरून ठेवते, भट्टीच विझली तर काय धरणार. संध्याकाळी सहाला दोन घोट सूप पिऊन तंबूत शिरलेला माणूस दोनला गारठणारच, आणि उंचीवर भूक मरते त्यामुळे हे फार जणांचं होतं. झोपायच्या अगदी आधी काहीतरी तेला-तुपाचं पोटात जाऊ द्या, शेंगदाण्याची चिक्की, खजुराला तूप लावून, चीज, काहीही. उशाशी एक चिक्की ठेवा, जाग आली की अर्धी खायची आणि परत झोपायचं, पंधरा-वीस मिनिटांत फरक कळतो.

दुसरं, लघवी. बाहेर थंडी आहे म्हणून धरून ठेवून तासभर तळमळत राहण्यापेक्षा दोन मिनिटांत जाऊन या, झोप लागेल. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स घेत असाल तर रात्री एक-दोनदा जावं लागणारच, त्या गोळीने लघवी वाढते, ते धरूनच कपडे आणि चपला जागेवर ठेवा. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, उंचीवर ते महागात पडतं. आणि रम. रमने गरम वाटतं कारण रक्त कातडीकडे येतं, तिथून ऊब बाहेर जाते, दोन तासांनी आधीपेक्षा जास्त गार.

उंचीवर झोपेत श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन जाग येते, ते थंडीमुळे नसतं, पण जाग आली की थंडी जाणवते आणि दोष बॅगेला जातो. हे उंचीचं आहे, बॅगेचं नाही.

इथे एक गंभीर गोष्ट. कोणी जोरजोरात कुडकुडतंय, बोलताना शब्द अडखळतायत, चेन लावता येत नाहीये, उभं राहिलं की तोल जातोय, किंवा कुडकुडणं एकदम थांबलं आणि माणूस सुस्त झाला, तर तो प्रश्न 'कुठली बॅग'चा नाही. लगेच लीडरला उठवा, कोरडे कपडे, खाली मॅट, दुसऱ्या माणसाच्या अंगाची ऊब, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय, आणि खाली न्यायची तयारी.

मानेजवळ झुळूक, खांदे गार, पाय गार

मानेजवळ गार लागत असेल तर नव्वद टक्के वेळा दोरी ओढलेली नसते. हुडाची दोरी वेगळी असते आणि आत मानेभोवती जाड पट्टी असते तिची दोरी वेगळी, बऱ्याच जणांना ही दुसरी आहे हेच माहीत नसतं. झोपून दोन्ही ओढून बघा. चेनच्या आतल्या बाजूने एक भरीव नळी जाते, ती चेनवर नीट बसलीय का बघा, वळली असेल तर सगळ्या चेनभर थंडी आत येते. शून्याखालच्या ट्रेकला मानेची पट्टी आणि ही नळी नसलेली बॅग घेऊच नका, लेबल काहीही म्हणो.

बॅग फार मोठी असेल तर आतली रिकामी जागाही तुम्हालाच गरम करावी लागते. पायाकडे हातभर जागा उरत असेल तर तिथे उद्याचे कपडे कोंबा, सकाळी गरम कपडे मिळतील हा फायदा वेगळा. फार घट्ट असेल तर खांदे-गुडघे आतून दाबून पीस चेपतं आणि तिथेच गार लागतं.

आणि ते जे सांगतात ना, की बॅगेत कमीत कमी कपड्यात झोपा, मगच ती गरम होते, ते डोक्यातून काढून टाका. कोरडा थर म्हणजे ऊब, अंगावर असो की बॅगेत. फक्त दोन अटी, कपडे कोरडे हवेत आणि इतके घट्ट नकोत की रक्त अडेल. दिवसभर घातलेला सुती बनियन आणि मोजे घालून झोपणं हा गार पडण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. झोपायचा वेगळा जोड ठेवा, थर्मल, लोकरीचे जाड मोजे, कानटोपी, आणि कितीही मोह झाला तरी तो दिवसा वापरायचा नाही.

गरम पाण्याची बाटली पायाशी किंवा मांड्यांमध्ये ठेवली तर बॅग पहिल्या दहा मिनिटांत गरम होते. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची बाटली, वर मोजा चढवलेला, आधी उलटी करून गळत नाही ना बघायचं. थर्मास घेऊन झोपणारेही पाहिलेत मी, बाबांनो, थर्मास ऊब बाहेर सोडत नाही म्हणूनच तो थर्मास आहे.

लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी, त्याबद्दल, पाकिटावर दहा-पंधरा अंशांचे दावे असतात, पातळ सिल्क किंवा सुती लायनर प्रत्यक्षात दोनेक अंश देतो, फ्लीसचा थोडा जास्त देतो पण वजनही देतो. मी लायनर वापरते तो बॅग तेलकट होऊ नये म्हणून. ऊब कमी पडतेय म्हणून लायनर घ्यायचा विचार असेल तर तेच पैसे मॅटमध्ये घाला.

आता खरंच बॅग घ्यायची वेळ आली तर

आधी स्वतःचा फरक काढा. डिसेंबर-जानेवारीत साल्हेर किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम करा, उघड्यावर किंवा तंबूत, आणि रात्रीचं किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर सोबत न्या, खिशात नाही, बाहेर ठेवा. समजा चांगल्या मॅटवर, पोटभर जेवून, कम्फर्ट ५ च्या बॅगेत तुम्हाला ९ अंशालाच जॅकेट घालावंसं वाटलं, तर तुमचा फरक चार अंश, कायम लेबलात तेवढे मिळवायचे. काही जणांचा फरक शून्य निघतो, काहींचा उलटाही. हा आकडा एकदा माहीत झाला की दुसऱ्या कोणाच्या अनुभवावर बॅग घ्यायची गरज राहत नाही.

डाउन की सिंथेटिक, तर नुसता सह्याद्री असेल तर सिंथेटिक घ्या आणि विषय संपवा, दव भरपूर, थंडी फार तर एक आकडी, पावसाळ्यात डाउनचे हाल होतात. लांबच्या ट्रेकला स्वतःची सॅक स्वतः उचलत असाल तर डाउन, कारण कम्फर्ट ० ची सिंथेटिक बॅग पावणेदोन-दोन किलोपर्यंत जाते आणि तितकीच उबदार डाउनची किलोभरात येते. खेचरावर सामान असेल तर वजनाचं एवढं टेन्शन नाही. डाउनवर ६५०, ८०० असे आकडे असतात ते पीस किती फुगतं याचे, ऊब किती याचे नव्हेत, ८०० चं कमी भरलेलं असेल तर ६५० चं जास्त भरलेलं अधिक उबदार, म्हणून आत किती ग्रॅम पीस आहे तेही विचारा.

माझ्या हिशेबाने अन्नपूर्णा सर्किट ऑक्टोबर-नोव्हेंबरला टी हाउसमध्ये राहून करायचं तर कम्फर्ट उणे ५ आणि वर डाउन जॅकेट, मार्खा ऑगस्टला कम्फर्ट उणे ५ ते उणे ७, गोएचा ला ऑक्टोबर अखेरीस तंबूत असेल तर उणे १०. हिवाळ्यात गोठलेल्या झांस्कर नदीवरून जाणारा चादर ट्रेक वगैरेचा विषय वेगळा, तिथे उणे वीसच्या गोष्टी आहेत आणि तिथे आयोजक देतात त्या बॅगेची नीट चौकशी करा. एकाच मोठ्या ट्रेकसाठी उणे १० ची घेऊन ती पुढे राजमाचीला नेण्यात काही अर्थ नाही. घरी कम्फर्ट ० ची बॅग असेल तर तिच्यावर एक हलकी सिंथेटिक बॅग मोकळी चढवा, आतली चेपली जाणार नाही एवढी मोठी. वाफ बाहेरच्या सिंथेटिकमध्ये जाऊन थांबते, आतलं डाउन कोरडं राहतं, हा जुगाड चांगला चालतो.

काठमांडूच्या थमेलमध्ये किंवा आयोजकाकडून भाड्याने घेत असाल तर दुकानातच झटकून पसरा आणि वीस मिनिटं चहा पिऊन या. तोपर्यंत फुगली नाही तर पुढची बघा. अमेरिकेत क्विल्ट, म्हणजे पाठीकडची बाजू नसलेली बॅग, बनवणारे उणे ७ साठी अंगावर साधारण अडीच इंच डाउन धरतात, तेवढा अंदाज डोळ्यांत ठेवा. उजेडासमोर धरली की रिकामे कप्पे दिसतात. चेन पायापासून वरपर्यंत दोनदा चालवा, आणि आत शिरून हुड ओढून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

घरी आल्यावर बॅग त्या छोट्या पिशवीत माळ्यावर टाकायची नाही, दाबून ठेवलेल्या पिसाचा फुगवटा हळूहळू कमी होतो. जुन्या सुती चादरीच्या मोठ्या पिशवीत सैल ठेवा, मुंबई-कोकणात पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली. डाउन धुवायचं असेल तर डाउनचाच साबण, पाण्यातून काढताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या, एका टोकाने उचलली की पाण्याच्या वजनाने आतल्या भिंती फाटतात, आणि ड्रायर नसेल तर मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर सावलीत, रोज गुठळ्या बोटांनी फोडत, तीन-चार दिवस.